गाडीत कोण कुठे बसणार

सफाळे, ८ सप्टेंबर २०२५

चि. तेजल हिस हरेश्वर आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण, फोनवर मला अर्धे ऐकू येते आणि उरलेल्या अर्ध्याची मी काळजी करत बसतो. बोईसरला भावना आत्याकडे पाणी उकळूनच पी.

मुख्य गोष्ट तुझ्या शिकवणीची. आत्याचा धर्मेश सांगत होता, इंद्रजीत सर एका वेळी एकच विद्यार्थी घेतात. चांगल्या शिकवणीच्या दाराशी चपलांचा ढीग असतो. एकच जोड दिसला की शंका येते. बाकीची पोरे पळाली का? मी सातवीपर्यंत शिकलो. वर्गात साठ जण, मास्तरांची नजर माझ्यापर्यंत यायला आठवडा लागे, तेवढीच सुटका. तू तर दोन तास एकटी त्यांच्या तावडीत.

तुझ्या बाबाने, प्रदीपने, काल पुन्हा ऐकवले की एमबीएची प्रवेशपरीक्षा एकदाच. नाही जमली तर जानेवारीपासून औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तो बोलतो तसे करतो. म्हणून विचारतो, कुठे अडत असेल तर खरे कळव. मला त्यातले समजणार नाही, पण कळव.

आजीचे आशीर्वाद. आम्हाला जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा आजोबा

बोईसर, १५ सप्टेंबर

ती. आजोबांस तेजलचा सा. न. वि. वि.

पोरे पळाली नाहीत, सरच जास्त घेत नाहीत. तीस वर्षे ते कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावायचे. प्रत्येकाची अडचण वेगळी, मग शिकवणी सगळ्यांना सारखी कशी, असे त्यांचे म्हणणे.

खरे विचारलेत म्हणून सांगते. गणित जमते, इंग्रजी जमते. अडते ते बैठकीच्या कोड्यांत. क हा ख-शेजारी बसत नाही, ग खिडकीशीच बसतो, तर घ कुठे? ती अक्षरे पाहिली की माझे डोके बंद पडते. पाचांतले एक सुटते. निदान तीन सुटली नाहीत तर बाकीचे कितीही येऊन उपयोग नाही, असे सर म्हणाले. बाबांना सांगू नका. चिकू पाठवलेत तर आत्या रागावणार नाही.

तुमची लाडकी
तेजल

सफाळे, २८ ऑक्टोबर

चि. तेजल हिस आशीर्वाद.

प्रदीपला सांगितले नाही. पोटात ठेवून माझेच पोट बिघडले. हा क ख-शेजारी का बसत नाही, याचा मी बराच विचार केला. कारण न सांगता नुसते बसत नाही म्हणणे बरे नव्हे.

पण इथे माझेच कोडे झाले आहे. नऊ तारखेला विपुलचा साखरपुडा, मनोरला. गाडी प्रदीप चालवणार. त्याच्या शेजारी एक जागा, मध्ये तीन, मागे दोन. त्याची आजी, माझी धाकटी बहीण हंसा, पुढेच बसणार. मागे बसवलेत तर दादाच्या धोतरावर ओकेन, असे तिने आधीच बजावले आहे. तुझ्या आजीचा गुडघा वाकत नाही, ती मागे चढू शकत नाही. विपुलच्या बहिणीला, सुलूला, आठवा महिना, तिलाही मागे नको. कमळी वहिनीच्या कमरेचे ऑपरेशन झाले आहे, तिलाही मागे चढणे नाही. आणि मी प्रतापच्या शेजारी बसणार नाही. सख्खा भाऊ असून माझ्या पाण्याच्या पाळीला त्याने विहिरीची मोटार बंद केली. सहा वर्षे आम्ही बोललो नाही, आता मांडीला मांडी लावायची? चार वेळा कागदावर नावे मांडली. जमत नाही. मी घरीच राहावे म्हणतो.

काळजी करू नकोस, ती मी करतो आहे.

आजोबा

बोईसर, १ नोव्हेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

रागावू नका, तुमचे पत्र मी सरांना दाखवले. ते म्हणाले, तुझ्या आजोबांनी आयते कोडे घातले आहे, सोडव. आणि आजोबा, चार मिनिटांत संपले! अक्षरांऐवजी तोंडे दिसत होती. आता सर प्रत्येक कोड्यात आपलीच माणसे बसवतात. काल पाचांतली चार सुटली. हंसा आजी तर दर वेळी खिडकीशी.

तुमचे उत्तर असे. पाचही अटी धरल्या तर कोडे सुटतच नाही. एक सोडावी लागेल. उलटी थांबत नाही, गुडघा वाकत नाही, आठवा महिना पुढे ढकलता येत नाही, कमर नवी मिळत नाही. राहिली पाचवी. ती एकटीच शरीराची नाही.

मागे दोन जागा आहेत. तुमच्याशिवाय साखरपुडा नको.

माया कमी करू नका.
तेजल

सफाळे, ११ नोव्हेंबर

चि. तेजल हिस आशीर्वाद.

घरची भांडणे परक्या माणसाला वाचायला दिलीस. दोन दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो, ते तुला कळले नसणार म्हणून कळवतो.

मागे बसलो. प्रतापही बसला. मध्ये माझी पिशवी. तांदुळवाडीच्या घाटात गाडी उसळली आणि माझे डोके छताला आपटले. प्रताप हसला. सहा वर्षांनी हसला तोही माझ्या टकलावर. पुढच्या खड्ड्यात त्याचे आपटले, मग मी हसलो. त्याने पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. विहिरीच्या मोटारीचा विषय निघाला नाही. येताना मात्र तुझी परीक्षा कधी, हे त्याने दोनदा विचारले.

तीस तारखेला पोट भरून जा. मी सकाळपासून देवापुढे बसेन, प्रतापही येतो म्हणाला आहे.

आजोबा

बोईसर, ४ जानेवारी २०२६

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

झाले! निकाल चांगला लागला आणि नागपूरच्या कॉलेजने मुलाखतीला बोलावले. बाबांनी नोकरीचा विषय स्वतःहून बाजूला ठेवला. परीक्षेत आठ पाहुणे गोल टेबलाभोवती बसले होते. मी गुपचूप तुम्हा सगळ्यांना बसवले. आधी तुम्हाला आणि प्रताप आजोबांना शेजारी टाकले, मग बाकीचे आपोआप बसले.

मुलाखत फेब्रुवारीत आहे. बाबांना रजा नाही. बरोबर कोण येणार?

तेजल

सफाळे, ८ जानेवारी

चि. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र प्रतापने मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा, कारण पहिल्यांदा आजीने मध्येच रडून घोटाळा केला. नागपूरला थंडी किती, पाणी कसे, कॉलेज स्टेशनपासून किती लांब, हे सगळे सरांना विचारून कळव.

बरोबर आम्ही दोघे येतो. तिकिटे काढताना तुला हवे तिथे तू बस. आमची अट एकच, आमच्या दोन जागा शेजारी हव्यात. ही सोडता येणार नाही.

तुझा आजोबा
हरेश्वर