लाल दोऱ्याचं जादा बटण

दि. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझ्या लेकीने आईच्या आठवणींसाठी महिनाअखेरच्या रविवारी घरच्यांना बोलावलंय, आणि बाबा व आत्याने मिळून बोलायचं असा हुकूम काढलाय. मिळून! आठ वर्षांत आपण मिळून एक जांभईसुद्धा दिलेली नाही. आई गेली त्या दिवशीही खोलीच्या दोन टोकांना उभे होतो, जणू दोघांच्या दोन वेगळ्या आया वारल्या होत्या.

आणि भांडण तरी कशावरून? आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ती राहणार कोणाकडे यावरून. लोकांची मुलं आई नको म्हणून भांडतात, आपण हवी म्हणून भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. शेवटी ती दोघांनाही हात जोडून, काठी टेकत आपल्या शिवणाच्या दोन खोल्यांत परत गेली आणि ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिली. आपण मात्र अबोला नेटाने चालवला.

एक सांगायचं राहूनच गेलं. दर थंडीत तू आईच्या हाती स्वेटर पाठवायचास, त्याची पोच मी कधी दिली नाही. पण घालत होते हो. अबोल्याला थंडी वाजत नाही, मला वाजते. रविवारी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझी माया आहे, या भरवशावरच आज लिहायला बसले.

लोभ आहे असं आई सांगायची, तो असू द्यावा.

तुझी,
भिंगरी


दि. ८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. थट्टेची सवय साठीतही गेली नाही म्हणायची. कसले स्वेटर? मी तुला साधा रुमाल पाठवलेला नाही. फुकटचं श्रेय घेता आलं असतं, तर बस डेपोत जन्मभर वेळापत्रकं लावत बसलो नसतो, कधीच मोठा साहेब झालो असतो.

पाठवत होतीस ती तू. दर वाढदिवसाला आई शर्ट पुढे करायची, भिंगरीने पाठवलाय म्हणायची. रंग बघूनच माझी खात्री पटायची, एवढा वाह्यातपणा दुसऱ्या कोणाला सुचणार? माझ्या निवृत्तीच्या वर्षी तर पोपटी! पण बहिणीने आठवणीने धाडलाय म्हटल्यावर निरोपसमारंभात तोच घालून उभा राहिलो. अख्खा डेपो अजून मला पोपटराव म्हणतो.

रविवारचं भाषण तूच लिही. आईने पोरांना एकमेकांवर माया करायला शिकवलं, असं काहीतरी घाल. मी मान हलवेन.

लोभ वाढवलास तर हरकत नाही, फक्त रंग जरा बेताचा असू दे.

तुझा,
दादा


दि. १२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शप्पथ सांगते, मी शर्ट पाठवले नाहीत. पोपटी तर शत्रूलाही पाठवणार नाही. तुझं पत्र वाचून उठले आणि कपाटातले सगळे स्वेटर उलटे केले. डाव्या काखेखाली, आतल्या शिवणीत, प्रत्येकाला एक जादा बटण, लाल दोऱ्याने टाचलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते आपल्यासाठीच.

आता ओठांत टाचण्या धरून बोलणारी आपली आई आठव. दुकानातलं बटण म्हणजे पाहुणा, कधी उठून जाईल नेम नाही, असं म्हणायची. काखेत बटण टाचल्याशिवाय एकही कपडा तिच्या हातून बाहेर पडला नाही. तो शिष्ट वकील आठवतो? बटण काढा म्हणाला, तर तिने मुकाट्याने काढलं आणि उजव्या काखेत टाचलं. आणि बघ की, एवढी बेमालूम चोरी केली आणि मागे स्वतःचा अंगठा उठवून गेली!

तुझ्या लेकीला फोनवर दम भरला तेव्हा कबूल झाली. दुकानात जायची ती, बटण टाचायची आजी. पोपटी रंगही आजीनेच निवडला. राखाडी शर्टात माझा मुलगा म्हातारा दिसतो, असं म्हणाली म्हणे.

दादा, भिंगरीची फार आठवण येते, तिच्या तब्येतीची काळजी वाटते, असा निरोप दर महिन्याला यायचा. तो तरी तुझा होता ना?

लोभाचा जो काही हिशेब असेल तो लवकर कळव.

तुझी,
भिंगरी


दि. १६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

शर्ट उलटे करून पाहिले. बटणं आहेत.

निरोपाचं विचारलंस. मी आईला एवढंच म्हणायचो, की तुझी लेक आहे का गेली? पुढचं सगळं भरतकाम तिचं.

खरं सांगू, मला फार लागलं. आठ वर्षं ज्या बहिणीवर मनातल्या मनात माया करत होतो, ती आईने शिवलेली निघाली. तुझ्या वाटेलाही तसाच भाऊ आला. रविवारी मी येत नाही. लेकीला गुडघ्यांचं कारण सांगेन. तुझ्या शेजारी उभं राहून, कशाच्या जिवावर मायेच्या गोष्टी सांगू?

लोभ होता की नव्हता, देव जाणे.

दादा


दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे मला लहानपणापासून माहीत आहेत, पाणी भरायच्या वेळीच दुखायचे.

शर्ट आईने पाठवला, मान्य. पण तो घालून डेपोसमोर उभं कोण राहिलं? आई तर घरी होती. पोपटराव म्हणवून घेतलंस ते माझ्यासाठी. आणि तुझ्या नावाच्या स्वेटरची कोपरं विरली तरी मी तो टाकला नाही, ठिगळ लावून घातला. हे आईने करायला सांगितलं नव्हतं. बटण तिचं असेल, काज आपलं होतं.

मला तू हवा आहेस रे. आता आपल्याला रागवायलाही कोणी उरलं नाही. आईसारखं गोड खोटं मला जमत नाही, म्हणून सरळ लिहिते. ये.

लोभ कर किंवा राग कर, पण समोर येऊन कर.

भिंगरी


दि. २४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत स्वेटर आहे. मी स्वतः जाऊन घेतला. दुकानदाराने माप विचारलं आणि माझी पंचाईत झाली. हाताने उंची दाखवली, तर तो म्हणाला लहान मुलांचे कपडे पलीकडे. तू शाळेत होतीस तेवढी दाखवली होती मी. तुझं माप आईला ठाऊक होतं गं, मला नाही. तिथेच रडू फुटलं. दुकानदार भला माणूस, त्याने खुर्ची दिली.

काखेत बटण टाचलंय. वाकडं आहे, आणि बोटाची चाळण झाली. आई हे ओठांत टाचण्या धरून, बोलत बोलत कशी करायची कोण जाणे.

रविवारी येतो. पोपटी शर्ट पोटावर ताणतो, तरी तोच घालेन. बटण उडालं तर दुसरं आहेच.

स्वेटर सैल झाला, घट्ट झाला, तर सांग. मलाच सांग.

लोभ आहे. हा निरोप माझा स्वतःचा.

तुझा,
पोपटराव