पाव तास वजा

ता. ४ जून

चि. ठकीस मामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. गणितात नापास झालीस हे पहिल्या ओळीत, आणि इंजिनिअरिंग सोडून वनस्पतिशास्त्राला जायचा विचार आहे हे दुसऱ्या ओळीत. मधे माणसाला श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीस. ताईने, म्हणजे तुझ्या आईने, पत्र वाचलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी.

माझा संशयी स्वभाव तुला ठाऊक आहे. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, की घड्याळ आपोआप बंद पडलं. मी मागचं झाकण उघडतो, तर आत पाणी. लहानपणी तू काउंटरमागे बसून कुठलं चक्र किती फेरे घेईल ते तोंडी सांगायचीस. ती मुलगी गणितात आपोआप नापास होते, हे मला पटत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय. पहिला संशय तुझ्या खोलीवरच्या मुलीवर. ती वनस्पतिशास्त्राची, आणि एकाएकी तुलाही वनस्पतिशास्त्रच सुचावं? शाखा बदलायच्या अर्जाला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे म्हणतेस. तोवर कशावरही सही करू नकोस.

खरं काय ते लिही. लोभ आहेच, पण सध्या तो डोळ्याला भिंग लावून बसलाय.

तुझा मामा

ता. ९ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. त्यात खोलीवरच्या मुलीने सांगितलं, की तू हॉस्टेलवर फोन करून तिची उलटतपासणी घेतलीस. मी कधी उठते, कुणाबरोबर जेवते, तिने मला आजवर कुठली कुठली रोपं दाखवली. बिचारी पार गांगरून गेली. तिने तुला काय काय सांगितलं, ते मात्र मला सांगायला तयार नाही. आता मलाच तुझा संशय यायला लागलाय.

मामा, इथे पाणी मुरायला जागाच नाही. गणित मला झेपत नाही, एवढंच. सरांनी फळा भरला की माझं डोकं बधिर होतं. थोडक्या मार्कांनी गेलं हे खरं, पण गेलं ते गेलं. पुढच्या वर्षांत हेच आहे आणि याहून अवघड आहे. आत्ताच बाजूला झालेलं बरं नाही का? नापास झालेली मुलं शाखा बदलतातच.

आईला म्हणावं, भांडी झिजतील. माझ्यावरची माया तशीच राहू दे, पाळत तेवढी उठव.

तुझी ठकी

ता. १३ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? तुझ्या खोलीवरच्या मुलीला खोटं बोलता येत नाही, म्हणून तिच्यावरचा संशय मी काढून घेतला आहे. ती म्हणाली, की पेपर देऊन आल्यावर तू सोपा होता म्हणालीस. शेवटची दोन गणितं येत असून राहिली, वेळ पुरला नाही. घड्याळजीच्या घरात वाढलेल्या मुलीला वेळ पुरू नये, हे ऐकून माझं कामात लक्ष लागेना. एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हाती देऊन बसलो.

मग आठवलं. गावभरची घड्याळं बरोबर करणाऱ्या माणसाच्या घरात एकही घड्याळ बरोबर नाही. सगळी पाव तास पुढे, हा ताईचा नियम, आणि आपण सगळे न बोलता पाव तास वजा करतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू निघालीस, तेव्हा तुझ्या मनगटावरचं घड्याळ मीच उघडून साफ केलं आणि कौतुकाने बरोबर वेळेला लावून दिलं. सांगायला विसरलो. तू सवयीने पाव तास वजा केलास आणि निवांत बसलीस. होय ना?

चूक माझी आहे, तुझी नाही. मी प्राचार्यांना लिहितो. तू फेरपरीक्षा दे आणि तो अर्ज फाडून टाक. चोर सापडला, आता शाखा बदलायला कारणच उरलं नाही.

आज फार बरं वाटतंय. लोभाने भिंग उतरवलं आहे.

तुझा मामा

ता. १८ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

हेच व्हायला नको होतं, म्हणून मी घड्याळाचं लपवलं.

सगळं तू म्हणतोस तसंच झालं. सुरुवातीला घड्याळ पाहिलंच नाही. शेवटी पाहिलं, पाव तास वजा केला, पेन खाली ठेवून हाताची बोटं मोडली आणि घंटा झाली. पण मामा, तेव्हा मला रडू यायला हवं होतं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच मला भीती वाटते. गणित मला झेपत नाही हे खोटं आहे. मी पास होईन, पुढेही पास होत जाईन, आणि नको असलेल्या कामाला जन्मभर चिकटून राहीन. इथल्या काचघरात मी लावलेल्या एका कलमाला कोंब फुटला, तर मी दातसुद्धा न घासता बघायला धावले. इंजिनासाठी मी कधी अशी धावले नाही.

गिऱ्हाइकांना तू माझी ओळख आमची इंजिनिअर म्हणून करून देतोस. इंजिनिअर तुला स्वतःला व्हायचं होतं, हेही मला ठाऊक आहे. म्हणून नापास झाल्याचं निमित्त सोपं वाटलं. नापास मुलीवर कुणी फार दिवस रागवत नाही.

पण तुझी भाची आहे, मला माझाही संशय येतो. उद्या वाटायला नको, की मी गणिताला घाबरून पळाले. फेरपरीक्षा महिनाअखेरच्या आतच आहे. ती मी देणार, पास होणार आणि मग शाखा बदलायचा अर्ज देणार. प्राचार्यांना काही लिहू नकोस. आईला तूच सांग, माझी छाती होत नाही.

घड्याळ सोबत पाठवतेय. पूर्वीसारखं पुढे करून दे, नाहीतर पुन्हा घोटाळा होईल. रागावलास तर राग, पण पत्र लिही.

तुझी ठकी

ता. २२ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं, ते लपवत नाही. पास झाल्यावर तुझं मन बदलेल, असा संशयही थोडा आहे, आणि आशाही. पण पास होऊन सोडायचं म्हणतेस, त्यात पाणी मुरलेलं दिसत नाही. झाकण मी दोनदा उघडून पाहिलं.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, तिला पहिल्या पत्रातच कळलं होतं. भांडी ती माझ्या काळजीने घासत होती.

तुझं घड्याळ पुढे केलेलं नाही. बरोबर लावलंय, आणि या वेळी सांगून पाठवतोय. आता वजा करायची सवय सोड.

काल एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, की तुमची इंजिनिअर काय म्हणते. मी सांगितलं, की ती इंजिनिअरिंग सोडतेय. त्याने आवाज खाली आणून विचारलं, की नापास झाली का. मी त्याला ठणकावून सांगितलं, की नाही, पास होऊन सोडतेय.

परीक्षा अजून व्हायची आहे. मला खोटं पाडू नकोस.

तुझा मामा