फळ्यावरचा मजकूर

ता. ४ मार्च

चि. बारक्या यास दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची सवय म्हणून लिहितो. परवा कंपनीचा माणूस माझ्या पंपघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवून गेला. आपल्या वस्तीतली इंटरनेटची तार तीस एप्रिलला बंद होणार. ग्राहक थोडे, तार लांब, परवडत नाही, असं त्यात फार सभ्य भाषेत लिहिलं आहे. मोबाइल तर इथे बाजारगावाच्या अलीकडे लागतच नाही, हे तुला ठाऊक आहे. जे काही आहे ते ह्या एका तारेवर.

तुझ्या वहिनीच्या छातीत यंत्र बसवल्याला दोन वर्षं झाली. खिडकीतली ती छोटी पेटी रोज सकाळी तिच्या हृदयाची खबर इस्पितळाला पोचवते. पोचली की दिवा हिरवा, नाही पोचली की लाल. मागच्या वर्षी तिला काही जाणवायच्या आधीच तिकडच्या परिचारिकेचा ह्याच तारेवरून फोन आला, की आत्ताच्या आत्ता निघा. निघालो म्हणून ती आज आहे. ती चेष्टेनं म्हणते, की नवऱ्यापेक्षा ही पेटीच माझी जास्त विचारपूस करते. काही खोटं नाही त्यात.

तू लिफ्ट चालवतोस त्या इमारतीत सातव्या मजल्यावर असल्याच गोष्टींचा आयोग बसतो ना? तिथे कोणाला काय सांगावं लागतं, तेवढं विचारून कळव. लोभ आहेच, त्याचा दाब कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. १३ मार्च

ती. दादास, बारक्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. लगेच सातव्या मजल्यावरच्या कारकुनाला गाठलं. योग असा, की आयोगापुढे नेमका हाच प्रश्न आहे. पाणी आणि वीज जशी सरकारी नियमांखाली आहे, तसं इंटरनेटही आणावं की नको? आणलं, तर दर सरकार ठरवणार, आणि कंपनीला परवानगीशिवाय एखादी वस्ती अशी वाऱ्यावर सोडता येणार नाही. लोकांचं म्हणणं दहा एप्रिलपर्यंत घेणार आहेत. कागदावर लिहून, खाली सही करून दिलं तरी चालतं. जितकी पत्रं जास्त तितकं बरं, असं कारकून म्हणाला.

कंपनीचे वकील रोज माझ्याच लिफ्टनं जातात. माणूस वाईट नाही, उतरताना आभार मानतो. काल हाताखालच्याला सांगत होते, की प्रत्येक टेकडीवर तार न्यायची सक्ती झाली तर नवीन तारा टाकायला पैसा कुठून आणायचा, आणि शेवटी दर सगळ्यांचेच वाढतील. मला उत्तर सुचेना. सातव्यापासून तळापर्यंत अर्धा विचार होतो, तेवढ्यात दार उघडावं लागतं.

तू जन्मभर पाणी वर चढवलंस, मी साहेब चढवले. पाणी निदान खाली येताना कोणाच्या तरी उपयोगी पडतं! वहिनीला सांग, पेटीवर जळू नये असं मी दादाला बजावलं आहे. माया अशीच राहू दे.

तुझा,
बारक्या


ता. १ एप्रिल

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

सोबत एकशे त्रेचाळीस पत्रांचा गठ्ठा पाठवतो आहे, सांभाळून ने. वस्तीतलं लिहिता येणारं एकही माणूस सोडलेलं नाही.

लोकांना काय लिहावं ते सुचेना. म्हणून मी रविवारी शाळेची खोली उघडून घेतली आणि फळ्यावर चांगला मजकूर लिहून दिला. मास्तर आपल्याला बसवायचे तसे सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि उतरवून घ्यायला सांगितलं. मी बाकांमधून फिरत होतो. कोणी दोन शब्द पदरचे घातले की नवा कागद देऊन पुन्हा लिहायला लावलं. सुतार तर तिसऱ्या खेपेला म्हणाला, की पोरपणी चुकवलेली शाळा दादानं ह्या वयात वसूल केली. पण गठ्ठा बघ, एक खाडाखोड सापडली तर सांग.

एक पत्र मात्र तसं नाही. ओढ्यापलीकडच्या टोकाच्या आजीला फळा दिसत नव्हता, आणि माझं ऐकायची तिला सवय नाही. तिनं मनानेच लिहिलं आहे, की माझ्या घरी तार नाही आणि मला नकोही, पण पंपवाल्याच्या घरची काढू नका, त्याची बायको गेली तर मला पाणी सोडणारा माणूस रडत बसेल. पुन्हा लिही म्हटलं तर कागद माझ्या हातात देऊन चालती झाली. शोभत नव्हतं, म्हणून अगदी तळाशी ठेवलं आहे.

वकिलांना द्यायचं उत्तर मला काल पाणी सोडायची झडप फिरवताना सुचलं. त्याच आजीच्या एका नळासाठी एकतीस नळ्या जोडाव्या लागल्या होत्या. ते परवडणारं नव्हतंच. पण पाण्याच्या खात्यात नळ परवडतो का असं विचारत नाहीत, घर आहे का एवढंच विचारतात. हे मजकुरात घालायला हवं होतं. लक्षातच आलं नाही.

पंप सुरू करण्याआधी रोज हात जोडतो, त्यात हल्ली हा गठ्ठाही असतो. तुझीही आठवण असतेच.

तुझा,
दादा


ता. ९ एप्रिल

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

गठ्ठा आज माझ्या हातानं दिला. कारकुनानं चाळून पाहिला आणि म्हणाला, की इतकं एकसारखं, नीटनेटकं काम ह्या टेबलावर आजवर आलं नाही. मला माझ्या थोरल्या भावाचा फार अभिमान वाटला. दिवसभर लिफ्ट जरा हलकीच चालत होती. वहिनीला धीर दे, आणि आमच्यावरची माया उतू जाऊ दे.

तुझा,
बारक्या


ता. २० एप्रिल

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

कसं लिहू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो. निकाल लागला. इंटरनेट ही व्यापारी सेवाच राहील, पाण्यासारखी धरली जाणार नाही. आपल्या वस्तीबद्दल त्यात एकच ओळ आहे, की तिथून दोन हरकती आल्या.

मी धावत वर गेलो. एकशे त्रेचाळीस दिल्या होत्या म्हणालो. कारकुनानं नियम दाखवला. मजकूर अक्षरशः सारखा असेल तर पत्रं कितीही असोत, हरकत एकच मोजायची. कंपन्या भाड्यानं पत्रं लिहवून घेतात म्हणून तो नियम केला आहे म्हणे. फळ्यावरच्या मजकुराची सगळी मिळून एक, आणि टोकाच्या आजीची एक. त्यालाही वाईट वाटलं. गठ्ठा घेताना ध्यानात आलं नाही, अक्षर बघण्यात गुंतलो, असं म्हणाला.

मीही तेच केलं, दादा. मीही अक्षरच बघत राहिलो.

आता एकच कर. तुम्ही दोघं इकडे या. दोनच खोल्या आहेत, पण खिडकी आहे आणि तिथे पेटी चालेल. उत्तराची वाट पाहत नाही. एकोणतीसपासून रोज संध्याकाळी गाडीच्या थांब्यावर उभा राहीन. रागावू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. ६ मे

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझ्या वहिनीला गाडीत बसवलं. पेटी तिनं मांडीवर धरली होती. तू उतरवून घेतलं असशील. मला अजून काही कळलेलं नाही.

मी येऊ शकत नाही. बदली माणूस द्या असा अर्ज खात्याकडे पडून तीन वर्षं झाली. पाणी दोन वेळा सोडावं लागतं. बाजारगावी जाऊन फोन करायचा तर सगळा दिवस जातो. निघताना ती एवढंच म्हणाली, की आजीचा नळ आधी सोडत जा, तिथे पोचायला वेळ लागतो.

तीस तारखेला दोघं जण येऊन तार गुंडाळून घेऊन गेले. तासाभराचं काम होतं. त्यांना प्यायला पाणी दिलं.

फळा मी अजून पुसलेला नाही. शाळेच्या खोलीत जाऊन बसतो. सुतारानं काय लिहिलं होतं ते आठवतं. पंपवाल्या वहिनीनं आमच्या पोराला रात्रीतून बरं केलं, तिची पेटी बंद पाडू नका, असं काहीसं होतं. धोबिणीनं लिहिलं होतं, की माझा मुलगा परदेशी आहे, त्याचं तोंड मला ह्या तारेतूनच दिसतं. ते कागद मी माझ्या हातानं फाडले. वेगवेगळे एकशे त्रेचाळीस गेले असते तर निकाल बदलला असता का, देव जाणे. बहुधा नसता. पण सगळ्यांचं म्हणणं निदान सातव्या मजल्यापर्यंत गेलं असतं. नीट लिहा म्हणून मीच सगळ्यांना गप्प केलं.

आजीला काय झालं ते सांगितलं. ती मला घालूनपाडून बोलेल असं वाटलं होतं, बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

पंपाला हात लावण्याआधी हात जोडतो, पण काय मागायचं ते सुचत नाही. लोभ असावा हे नेहमीचंच. ह्या खेपेला त्याऐवजी एका कार्डावर एवढंच लिही, की दिवा हिरवा आहे का. कार्ड यायला आठ दिवस लागतात, म्हणजे मी वाचेन तो दिवा आठ दिवसांमागचा असेल. तरी लिही.

तुझा,
दादा