विहिरीतलं पान

अहिल्यानगर, २ सप्टेंबर २०२५

ती. मरियाआत्यास रूथचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझ्या शाळेतल्या पोरांवरच्या पुस्तकाची चित्रं सोबत पाठवते आहे. फोनवर रंग खोटे दिसतात, म्हणून हा टपालाचा खटाटोप. महिनाभर मी रंगांतच नांदते आहे. बाजरीच्या कणसाचा हिरवा, ओल्या मातीचा काळा, मावळतीचा तो नाव नसलेला रंग. परवा भाकरीचा रंग बघत बसले, तर आई म्हणाली, आधी खा.

यंदा सगळी पोरं गोरीगोमटी काढायची नाहीत, असं ठरवलंच होतं. तू सांगितलेली तुझ्या वर्गातली पोर संस्कृती, वाकड्या पायाला आधाराचं कॅलिपर घालणारी, सहाही पानांवर आहे. तिचा सावळा रंग जमायला तीन दिवस लागले. या प्रती आहेत, तेव्हा नेहमीसारखं पोरांना त्यावर हवं ते रंगवू दे. ते पाहूनच मी शेवटचा हात फिरवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी रूथ

तिसगाव, ११ सप्टेंबर

चि. रूथ हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. पोरं तुटून पडली. पण संस्कृतीनं हिरवा खडू घेतला आणि पानापानावर चित्रातल्या स्वतःवरच गिरवत बसली. तिचं झाड करून टाकलं. मी विचारलं, तर म्हणाली, समदी खेळत्यात आन् मला बसवून ठिवलंय, बसूनच ऱ्हायचं तर झाड बरं, पाखरं तरी येत्यात.

मी पुन्हा पानं उलटून पाहिली. सहाही ठिकाणी ती कट्ट्यावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघते आहे. तुझं सोड, मी तिला रोज बघते, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून पोरीनं खडूला हात लावलेला नाही. एरवी दप्तर विसरेल, खडू नाही. दिवाळीनंतर आईबाप तिला ऊसतोडीला घेऊन जातील. अशीच गेली, तर मला फार लागेल. रंगांची एवढी जाणकार म्हणवतेस ना, मग कर काहीतरी.

रागावून लिहिलंय, पण जीव तुझ्यावरच आहे.
आत्या

अहिल्यानगर, १६ सप्टेंबर

ती. आत्यास सलाम. वि. वि.

पत्र वाचून तोंड लपवावंसं वाटलं. तिला पुस्तकात घेतलं याच आनंदात मी होते. ती दिवसभर करते काय, हे विचारलंच नाही. आता तिलाच विचार, तिला काय करताना काढू?

रागाव, पण लिहीत राहा.
रूथ

तिसगाव, २४ सप्टेंबर

चि. रूथ हिस आशीर्वाद.

विचारलं. क्षणाचाही विचार न करता म्हणाली, हिरीत काढा. तिच्या बापानं, भीमानं, पाठीला डबा बांधून तिला पोहायला शिकवलंय. आता डबाही लागत नाही.

काल सकाळी विहिरीवर पाहायला गेले. पाणी आधी शेवाळी होतं, मग उन्हं उतरली तसं पोपटी झालं, मधोमध आभाळाचा निळा तुकडा. कॅलिपर काठावर ठेवून ती त्या निळ्यात शिरली आणि हात पसरून नुसती तरंगत राहिली. शाळेची घंटा झालेली मला कळली नाही. हे सगळं तुझ्या कागदावर उतरावं असं फार वाटतं.

तब्येतीला आणि आम्हाला जप.
आत्या

तिसगाव, १० ऑक्टोबर

रूथताईस संस्कृतीचा नमस्कार.

बाई म्हनल्या, तुझ्या बोलीतच लिही. तुमी धाडलेलं हिरीचं चित्र मिळालं. पानी लई भारी झालंय. मी मधी हाय आन् बाकीची काठावर बसल्यात, ते बघून हसू आलं. मी लगीच खडू घेतला.

पन ताई, माझा वाकडा पाय तुमी पान्याखाली लपवलाय. कॅलिपर बी कुठंच न्हाई. मी उतानी पवते तवा दोनी पाय वर आसत्यात. म्हनून मी पाय पान्यावर काढून रंगवलाय, पाची बोटं सुदिक. काठावर कॅलिपर बी काढलंय. आसंच छापा.

येवढी माया ऱ्हाऊ द्या, पाय पुसू नका.
संस्कृती