कुंपणावरचा घेवडा

किकवी,
२२ एप्रिल २०२४

तीर्थरूप दादास,
धाकट्या मंगलचा शि. सा. न. वि. वि.

तुला ऐकू कमी येतं आणि हिर्डोशीत रेंजही नसते, म्हणून मोबाईल बाजूला ठेवून पत्र लिहितेय. इकडे ऊन रणरणतंय. मागच्या दारी पोत्यांत लावलेल्या वांग्या-मिरच्यांना जुन्या साडीची सावली केली, बुडाशी उसाचं पाचट पसरलं, मोरीचं पाणी तिकडे वळवलं. कुमार चेष्टा करतो, आई आमच्यापेक्षा वांग्यांना जास्त जपते म्हणून.

पण दुःख वेगळंच आहे. आईनं जाण्याआधी मला दिलेला तो काळ्या ठिपक्यांचा घेवडा मृगात लावायचा म्हणून राखेत घालून डब्यात ठेवला होता. परवा अचानक पाहुणे आले आणि आमच्या सूनबाईंनी, अश्विनीनं, राख धुऊन तो कुकरला लावला. पाहुण्यांनी बोटं चाटून उसळ खाल्ली. मी तिला नको तेवढं बोलले. बियाण्याचा आहे हे पोरीला कसं कळावं?

शाळेतून आलो की मांडवाखाली बसून आपण शेंगा सोलायचो, आणि कुणाच्या शेंगेत दाणे जास्त यावरून तू पैज लावायचास. तो वेल लावला की आई परसात असल्यासारखी वाटेल, एवढीच आशा होती. तुझ्याकडे मूठभर तरी असेल ना? नसेल तर आईचा घेवडा संपला.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
मंगल

हिर्डोशी,
४ मे २०२४

चि. सौ. मंगल हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

घरातले डबे, गाडगी, शिंकाळं सगळं धुंडाळलं. एक दाणा मिळाला नाही. परसात मी आधीही क्वचितच जायचो आणि आई गेल्यापासून तर फिरकलोच नाही, हे कबूल करतो.

तुझी वहिनी म्हणाली, शेजारच्या बनाबाईच्या कुंपणावर तोच घेवडा चढतो. तुला ठाऊकच आहे, आपला वेल तिच्या बाजूला गेला, तिनं शेंगा तोडल्या आणि आईनं तिला भर वाडीत चोर ठरवलं. त्याला बावीस वर्षं झाली. तिची पायरी चढताना माझा पाय उचलेना. पण अडला हरी!

तिनं पोतं टाकलं, चहा दिला, आणि माझ्या कानाशी अशी ओरडून बोलली की सगळ्या वाडीनं ऐकलं. म्हणाली, “तुमचा येल तीन वर्सांमागंच पावसात कुजला. तुज्या आईनं मंगलला दिलं ते बी माज्याच कुंपणावरचं. पाटंचं येऊन तोडायची. म्या चुलीपसनं बगायची, पन हाक न्हाई मारली.”

मंगल, मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बी मात्र तिनं माझ्या हाती दिलं नाही. मंगलनं सोता यावं म्हणाली. तेव्हा ये. अश्विनीला रागावू नकोस, तिला माझा आशीर्वाद सांग.
तुझा दादा,
सोनबा

किकवी,
१३ मे २०२४

ती. दादास,
मंगलचा नमस्कार.

भोरला एसटी बदलून सुखरूप पोचले. तू अंगणात होतास तेव्हा बनाकाकीनं आत काय सांगितलं, ते तुला कानात सांगितलं असतं तर पुन्हा वाडीनं ऐकलं असतं, म्हणून लिहिते.

आई येते हे कळल्यावर काकी आईच्या परसात लोंबणाऱ्या शेंगांना हातच लावायची नाही. बियाण्याला शेंग वेलावरच वाळावी लागते, म्हणून राखून ठेवायची. आईनं कधी विचारलं नाही, काकीनं कधी सांगितलं नाही. श्रावणात आई गेली तेव्हा काकी स्वतःच्या दारातच उभी राहिली, पुढे यायचा धीर झाला नाही. मग पौषात त्या शेंगा वेलावरच वाळून फुटल्या, दाणे आपल्या परसात सांडले, आणि वेचायला कुणी आलं नाही. त्या दिवशी फार रडले, म्हणाली.

मलाही फार रडू आलं. दोघी हातभर अंतरावर राहिल्या, दादा, आणि एक हाक मारायची राहून गेली.

बी आणलंय, अर्धं तुझ्यासाठी वहिनीकडे ठेवलंय. मृगाच्या आधी ते काटेरी कुंपण काढून टाक. वेलाला आधार हवा म्हणशील, तर दोन्ही परसांच्या मधोमध मांडव घाल आणि शेंगा सोलायला काकीला हाक मार.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
मंगल