सुनमुखाच्या भुवया

१४ ऑक्टोबर
सार्थकच्या साखरपुड्याचे फोटो आले. मुलगा छान. होणारी सून ऋतुजा छान. हेसुद्धा बरे आलेत. माझ्या कपाळाखाली मात्र कुणीतरी पेन्सिलीने दोन रेघा मारून परत खोडल्यासारखं दिसतंय. विहीणबाईंच्या भुवया जाड, काळ्याभोर. खराडीचं पाणी असेल.

लग्न ७ डिसेंबरला. सुनमुख बघताना एकाच आरशात ऋतुजाचं तोंड आणि शेजारी माझं. तो फोटो हॉलच्या भिंतीवर जन्मभर लागणार. मला दिसण्याची हौस नाही, कधीच नव्हती. पण भिंतीचा विचार करावा लागतो.

निर्धार: थ्रेडिंग बंद. आजपासून सगळं जेंटल, नॅचरल.

१५ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेले. फक्त माहितीसाठी. तिथली नम्रता म्हणाली, काकू, इतकी वर्षं केस ओढून काढलेत, आता त्यांना त्यांच्या गतीने येऊ द्या. रोज ब्रशने हलकेच विंचरा, चोळू नका. लग्नाच्या आधी भुवयांना हलकासा रंग, म्हणजे टिंट करू, पापण्यांचे केस वर वळवून लिफ्ट देऊ, पण त्याआधी कानामागे थोडं लावून पॅच टेस्ट. आणि नंतर दिवसभर पाणी नाही, तेल नाही.

मी म्हटलं, टिंट म्हणजे केमिकल. ती म्हणाली, थोडं असतंच, म्हणून तर टेस्ट. कबूलच केलं की! धंदेवाईक मुलगी. पॅच टेस्टची आयडिया तेवढी घेऊन घरी आले.

२० ऑक्टोबर
एरंडेल सुरू. भुवयांना आणि पापण्यांना, जुन्या मस्काऱ्याच्या ब्रशने. चांगलं चोळून लावते, मुळापर्यंत गेलं पाहिजे. ह्यांनी विचारलं, उशीवर भजी तळलीस का. या माणसाला नॅचरल काही सोसत नाही.

२ नोव्हेंबर
केस येताहेत! एक दोन्ही भुवयांच्या बरोबर मधे, काही पापणीच्या वर. जिथे हवेत तिथे अजून नाहीत, पण सुरुवात तर झाली.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, भुवईला कसर लागलीया का गं? बायडाबाई नाव, मूळच्या वाघोलीच्या, जिभेला हाड नाही. मी शहरातून लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं होतील. एवढ्या काळात माझ्याबद्दल एक बरा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. सहज लिहिलं.

९ नोव्हेंबर
बस्ता. लक्ष्मी रोड. निघताना पापण्यांना तेल भरपूर लावलं, वाटेत मुरेल म्हणून. दुकानात सगळं दुधाळ दिसत होतं. मोरपंखी पैठणी घेतली. विहीणबाईंनी दोनदा विचारलं, नक्की हीच का? जळतात.

संध्याकाळ. डोळे धुतल्यावर कळलं, पोपटी आहे. हरकत नाही. पोपटीसुद्धा नॅचरलच रंग आहे.

२३ नोव्हेंबर
मेहंदीचे कोन आणून फ्रिजमध्ये ठेवले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेहंदी! नुसता पाला. बायका केसांना लावतातच, आणि भुवया म्हणजे केसच की. नम्रताला हे सुचलं नाही. सुचलं तरी सांगितलं नसतं.

पॅच टेस्ट रीतसर केली. कानामागेच. हे दुपारी झोपले होते, त्यांच्या. पाच मिनिटांनी पुसलं. पुरळ नाही, खाज नाही, फिकट सोनेरी छटा. टेस्ट पास.

२५ नोव्हेंबर
हे पत्रिका वाटायला लोणी काळभोरला गेले होते. तिथे आत्याबाईंनी विचारलं म्हणे, कान कुणी पिरगाळला, मागून लालभडक झालाय. ऊन लागलं असेल, मी सांगितलं. ह्यांची कातडी पहिल्यापासून नाजूक.

५ डिसेंबर
घरात मेहंदी. पाहुण्या बायकांचे हात रंगले. मी मुद्दाम शेवटी राहिले आणि एक कोन घेऊन बाथरूममध्ये गेले. दोन सुंदर कमानी काढल्या, विहीणबाईंपेक्षा किंचित जाड. थोड्या वेळाने पुसल्या. मऊ, सोनेरी, इतक्या नॅचरल की ह्यांच्या लक्षातही आलं नाही. आता सुनमुखाची मला काळजी नाही.

६ डिसेंबर, सकाळ
केशरी.

६ डिसेंबर, दुपार
साबण, दही, बेसन, टूथपेस्ट. शेवटी लिंबू चोळलं. अजून गडद. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, लिंबानं मेंदी चढती, उतरत न्हाई, येवढं बी ठावं न्हाई? मला ठाऊक होतं. पण ते हातावर. भुवईचं वेगळं असेल असं धरून चालले.

हळदीला पदर पार नाकापर्यंत ओढून बसले. सगळ्यांना वाटलं, किती जुन्या वळणाची बाई.

त्यात विहीणबाईंचा फोन. ऋतुजाची मेहंदी चढलीच नाही, अगदीच फिकी आली. मेहंदी रंगेल तेवढी सासूची माया असं म्हणतात ना, असं म्हणून हसल्या. मीही हसले. फोन ठेवला आणि रडले. पोरगी अजून घरात यायचीय आणि माझी माया मोजून झाली. मी दुसरी बायडाबाई होणार नाही, असं साखरपुड्यालाच ठरवलं होतं मी. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

७ डिसेंबर
आत्ता टेकले. पहाटे नम्रताला घरी बोलावलं. मला बघून ती बॅग उघडायची थांबली. मग भुवयांवर फाउंडेशनचे थर दिले आणि वरून तपकिरी भुवया काढल्या. म्हणाली, काकू, हात लावू नका, घाम पुसू नका आणि रडू नका. वरमायला सांगतेय, रडू नका!

अक्षता पडेपर्यंत टिकलं. मग सुनमुख. ऋतुजा माझ्या शेजारी बसली, आरसा पुढे धरला, सासूबाई मागे खुर्चीत. फोटोग्राफर म्हणाला, काकू, स्माइल. मी आरशात पोरीचं तोंड बघितलं. रडून रडून नाक लाल झालेलं, मुंडावळ्या वाकड्या. मीही अशीच बसले होते एकदा, याच मागच्या बाईशेजारी. भरून आलं. पदराने डोळे पुसले, आणि डोळे पुसताना पदर काय तिथेच थांबतो?

आरशात नवी नवरी, आणि शेजारी एक पोपटी बाई. एक भुवई तपकिरी, दुसरी केशरी.

ऋतुजा आधी दचकली. मग तिचे खांदे हलायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, अगंबाई, हे काय झालं? मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, काय म्हंजी काय? मेंदी हाय ती. माझी माया हाय तिच्यावर, म्हणून चढलीया एवढी.

सगळं कार्यालय हसलं. ऋतुजा तर मुंडावळ्या सुटेपर्यंत हसली. मला हसता येईना. सासूबाई चेष्टा करत होत्या, एवढं कळतं मला. पण आरशात त्यांच्याकडे बघितलं तर त्या एकट्या हसत नव्हत्या. पुन्हा डोळे पुसले. दुसरी भुवईही उघडी पडली.

नंतर सगळ्यांना सांगितलं, नवरीला हसवायला मुद्दाम केलं होतं. बहुतेकांना पटलं.

१० डिसेंबर
फोटो आले. फोटोग्राफर म्हणाला, भुवयांचा रंग कॉम्प्युटरवर काळा करून देतो. ऋतुजा म्हणाली, अजिबात नाही, मला आहे तस्सा हवा. भिंतीवर टीव्हीच्या वरची जागा ठरली. ह्यांचं म्हणणं, त्यापेक्षा टीव्ही बघणं बंद करू.

१५ डिसेंबर
रंग उतरायला लागलाय. नम्रता म्हणाली, थोड्या दिवसांत पूर्ण जाईल, काळजी करू नका. फक्त काही लावू नका.

सकाळी सासूबाईंनी चहा परत पाठवला. म्हणाल्या, ह्यो चहा हाय का भांड्याचं धुवण? ऋतुजा शेजारीच होती. मी दुसरा करून दिला.

निर्धार: यापुढे भुवयांना काहीही लावायचं नाही. केस येतील तेव्हा येतील.

दुपारी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर अर्धं लिंबू उरलं होतं. दोन्ही भुवयांना चोळलं.