वाळू बदलतो

७ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आईच्या दुखण्यात कोण किती राबलं यावरून आपण बोलणं टाकलं, त्यानंतरचं हे पहिलंच पत्र. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचा ताप उतरला.

मानेला गाठी आल्या होत्या, अगदी गळून गेले होते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "मोनो वाटतोय. थुंकीतून पसरतो, म्हणून चुंबनाचा आजार म्हणतात. काय साहेब?" मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांचा पेला वेगळा ठेवला आणि त्यांच्या ऑफिसातली एकेक बाई डोळ्यांपुढे आणू लागले. हिशेबनीस बाईंची लिपस्टिक आठवली. या वयात! माझी मलाच लाज वाटली, पण थांबले नाही.

मोनोची तपासणी निगेटिव्ह आली. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "घसा स्वच्छ आहे. मोनोत असा क्वचितच राहतो. मोनोचं सोंग घेणारे आजार बरेच असतात," त्या म्हणाल्या. नवी औषधं, कच्चं मांस, एकेक विचारत गेल्या. "घरात मांजर?"

"छे," मी म्हटलं.

"मेहुणीकडे आहे," हे चपलांकडे बघत म्हणाले. "तिला कंबरेमुळे वाकवत नाही. मांजराच्या पेटीतली वाळू मी बदलतो."

बदलली नाही, चिमे. बदलतो.

पुन्हा रक्त दिलं. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा निघाला. आपोआप बरा होईल म्हणाल्या. म्हणजे चुंबनातून सुटले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण घरी स्वतःचा कप न विसळणारा माणूस तुझ्याकडे गुडघे टेकून मांजराची घाण काढतो! चुंबन असतं तर निदान भांडता आलं असतं.

परतताना विचारलं, "काय बोलता तिथे?"

"तुझी चौकशी करते. मी सांगतो, बरी आहे."

तेव्हापासून कळत नाही, मी जळते कुणावर. त्यांना राबवून घेणाऱ्या तुझ्यावर, की तुझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पिणाऱ्या त्यांच्यावर? त्यांच्यावरच असावं, असं हे लिहिताना वाटतंय.

यापुढे ते येणार नाहीत. रविवारी मी येते, हातमोजे घेऊन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दार मात्र उघड.

तुझी, अजून रागावलेली,
ताई